पाठ केलेला पसारा

"अगं बाई, माझी कात्री कुणी नेली?"

हा प्रश्न त्या घरात उठता-बसता विचारला जायचा. कात्री अर्थातच कुणी नेलेली नसायची. घरात माणसं दोन. एक ह्या बाई, आणि दुसरे ह्यांचे यजमान. यजमानांना कात्रीशी काय देणंघेणं? पण काही हरवलं की पहिला संशय चोरावर, दुसरा नवऱ्यावर आणि स्वतःवर कधीच नाही, असा बाईंचा नियमच होता.

"खुर्चीच्या डाव्या अंगाला चिंध्या आहेत बघ, त्यांच्याखाली," आतून शांत आवाज यायचा.

आणि कात्री तिथंच असायची. काखेत कळसा नि गावाला वळसा! मग बाई फणकाऱ्यानं म्हणायच्या, "मला माहीत होतं. सहज विचारलं."

बाई कपडे शिवायच्या. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाचा सैल झालेला कोट. पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनभोवती जे काही होतं त्याला खोली म्हणायचं की कापडाचं जंगल, हे ज्यानं त्यानं ठरवावं. कातरणं, रिळं, टाचण्या, अर्धवट उसवलेल्या बाह्या. जेवणाच्या टेबलावर बटणं, बटणांच्या डबीत बिस्किटं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्यानं त्यांचं नाव 'पसारेबाई' ठेवलं. ते चाळीभर, मग गल्लीभर झालं. आता तर गिऱ्हाइकंसुद्धा दारात येऊन विचारायची, "पसारेबाई इथंच राहतात ना?" बाई आधी चिडायच्या, मग "हो, याच की!" म्हणून हसायच्या.

यजमानांची सगळी नोकरी टपालाच्या छाननीत गेली. गल्लीत सगळे त्यांना टपालकाका म्हणत. माणूस शांत. रोज सकाळी कठड्याला हात लावत कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, आल्यावर स्वतःच्या हातानं चहा करायचा, एक कप बाईंच्या मशीनपाशी ठेवायचा, मग रेडिओ. कुणाला वाटेल, किती हा शिस्तीचा माणूस! पण बायकोच्या पसाऱ्यावर त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. हे बाईंना नवऱ्याचं मोठेपण वाटायचं. त्यामागे आणखीही काही असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग काकांना काचबिंदू निघाला. हा आजार मोठा लबाड, दुखत नाही, खुपत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं म्हणेपर्यंत दोन्ही बाजूंचं दिसणं गेलेलं होतं. "नळीतून बघितल्यासारखं दिसतं गं," काका म्हणाले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घालायचे थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही, उरलेलं राखायचा प्रयत्न करू, पण त्याचीही खात्री देत नाही.

लेक दूरच्या शहरात, उंच इमारतीत राहायची. पोरगी मायाळू, पण वादळ. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. ती फोनवर कडाडली, "आई, तुझ्या त्या टाचण्यांच्या शेतात बाबा चालणार कसे? मी शनिवारी येतेय. स्वतः बघणार. बाबांना त्या घरात धड वावरता येत नसेल, तर दोघांनाही इकडे घेऊन येणार. खोली तयार आहे."

"काही नको! मी समर्थ आहे. डोळ्यांत तेल घालून सांभाळीन मी त्यांना!" बाई त्याहून मोठ्यानं कडाडल्या. लेक कुणावर गेली होती ते वेगळं सांगायला नको.

फोन ठेवल्यावर काकांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "पोरीचं चुकत नाही. पण तिच्या घरात मी पाहुणा होईन. पाणी प्यायला उठलो तरी कुणीतरी धावत येणार, बाबा तुम्ही बसा, बाबा तुम्ही बसा. मग उरलेलं आयुष्य बसूनच काढायचं. इथं मी माझा मी उठतो. तेवढं माझ्याकडून काढून घेऊ नका."

काका सहसा काही मागत नसत. त्यामुळे हे मागणं बाईंच्या काळजाला फार लागलं.

आणि मग बाईंनी ठरवलं, बदलायचं. दोष कुणाचा? ह्या पसाऱ्याचा. पसारा कुणाचा? आपला. नवऱ्याला त्याच्या घरात राहायचं असेल तर आपण सुधारलं पाहिजे.

ठरवणं सोपं हो! जित्याची खोड अशी ठरवून जाते का? बाईंनी पहिल्या दिवशी नियम केला की उठण्याआधी हातातली वस्तू जागेवर ठेवायची. दुपारपर्यंत निभावलं. मग एक गिऱ्हाईक घाईत आलं, आणि कात्री, खडू, टेप सगळं हातातून सुटलं तिथंच पडलं. दुसऱ्या दिवशी नियम केला की संध्याकाळी दिवे लागले की खोली झाडून टाचण्या वेचायच्या. वेचल्याही. पण वेचलेल्या टाचण्यांची वाटी कुठं ठेवली ते आठवेना, आणि ती सापडली पलंगावर. एका गिऱ्हाइकानं सल्ला दिला, "बाई, एकदम सगळं नका बदलू, एकेक सवय लावा." बाई म्हणाल्या, "वेळ कुठाय? शनिवार आला की!"

शुक्रवारी काकांची तपासणी होती. शेजारचे निवृत्त कंपाउंडर त्यांना घेऊन गेले. दिवसभराचं काम होतं. दार लागलं मात्र, बाईंनी पदर खोचला.

असं घर त्यांनी जन्मात आवरलं नव्हतं. मशीन ढकलत ढकलत खिडकीखाली नेलं. कापडांच्या घड्या घालून कपाटात टाकल्या. रिळं रंगवार लावली. खुर्च्या भिंतीला सरळ रांगेत. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर, उंचीप्रमाणे. दारामागची खुंटी काढून बाहेर पॅसेजमध्ये नवीन लावली. जोडे तिच्याखाली. आणि लहानसहान वस्तूंसाठी नवे डबे आणले. बटणं एका डब्यात, सुया एका डब्यात, लहान बाटल्या एका डब्यात. फरशी पुसून झाल्यावर बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांना आपल्याच घरात परक्यासारखं वाटलं. पण त्या खूश होत्या. म्हटलं, आता येऊ दे पोरीला!

काका संध्याकाळी आले. दारातच थबकले. हात सवयीनं दारामागे गेला, भिंत चाचपून परत आला.

"कसला वास येतोय?"

"स्वच्छतेचा!" बाई म्हणाल्या. "या, या, असे सरळ या. काही पायात येणार नाही. डॉक्टर काय म्हणाले?"

"आहे तसंच आहे म्हणाले."

"बघा! मी म्हटलं नव्हतं? आणि घर कसं वाटलं?"

"छान केलंस," काका म्हणाले. "फार राबलीस."

ते जवळच्या खुर्चीत बसले ते जेवेपर्यंत उठले नाहीत. रेडिओही लावला नाही. दमले असतील म्हणून बाईंनी जेवण हातात दिलं आणि थेंबही स्वतःच घातले.

शनिवारी सकाळी लेक आली आणि दारातच आ वासून उभी राहिली. "आई! हे तुझंच घर ना? की मी चुकून दुसरीकडं शिरले?"

बाईंची छाती अशी फुगली म्हणता! पण तो आनंद चहापर्यंतही टिकला नाही. काका स्वयंपाकघरात निघाले आणि रांगेतल्या पहिल्याच खुर्चीला गुडघा आपटला. ओट्यावर हात फिरवत राहिले, चहाचा डबा हाताला लागेना. पेल्यात पाणी ओतलं ते अर्धं बाहेर. लेक ओठ चावत बघत होती.

"असू दे चहा. आधी थेंब घालतो," काका म्हणाले. बाईंनी लहान बाटल्यांचा डबा पुढं केला. काकांनी त्यातली एक उचलली, बोटांनी टोक चाचपलं, मान मागे टाकली, बाटली डोळ्यावर धरली आणि थांबले. बाटली नाकाशी आणून हुंगली.

"अगं," ते म्हणाले, "डोळ्यांत तेल घालून सांभाळीन म्हणाली होतीस, ते असं होय?"

मशीनच्या तेलाची बाटली होती ती. तेवढीच लहान, तशाच टोकाची. लहान बाटल्या सगळ्या एका डब्यात!

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. काका हसायला बघत होते, पण लेक हसली नाही. तिनं ती बाटली हळूच बापाच्या हातातून काढून घेतली. "झालं, आई. मला जे बघायचं होतं ते बघितलं. सोमवारी निघायचं. मी तिकिटं काढून आणते." ती चप्पल घालून गेलीसुद्धा.

दार लागल्यावर बाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. रडताना त्यांची जीभ अधिकच चालायची. "हाडांची काडं केली मी! आयुष्यात पहिल्यांदा घर आवरलं, आणि तुम्ही पहिल्याच खुर्चीला धडकलात? इतकी वर्षं त्या उकिरड्यात बिनबोभाट चालत होतात, कधी ठेच लागली नाही, नि आज मोकळ्या जमिनीवर!"

"उकिरड्यात काय कुठं आहे ते मला पाठ होतं," काका म्हणाले.

"काय पाठ होतं?"

"तुझा पसारा." काकांनी हात पुढं केला, आणि बाईंचा हात सापडेपर्यंत तो हवेत फिरला. "तू गबाळी आहेस, ते खरं. पण रोज त्याच पद्धतीनं गबाळी आहेस. कात्री तू कायम डाव्या अंगाला टाकतेस, कारण उठताना उजव्या हातानं मशीन धरतेस. ढीग मशीन आणि पलंगाच्या मधे. दारापासून माझ्या खुर्चीपर्यंतची वाट तू कधी अडवत नाहीस, कारण गिऱ्हाइकं तिथून येतात. सकाळचं औषध पाण्याच्या माठापाशी, संध्याकाळचं रेडिओपाशी. जागेवरून ओळखायचो मी ती. माझे डोळे बिघडायला लागले तेव्हापासून हे घर मी हातापायांनी पाठ करतोय. तू काल ते सगळं पुसून टाकलंस."

बाईंनी मशीनच्या मोकळ्या डाव्या अंगाकडं बघितलं.

"छाननीत आमचं असंच असायचं," काका पुढं बोलले. "समोर खणांचं कपाट. नजर फक्त पत्त्यावर, पाकीट आपोआप खणात. हातच टाकायचे. एकदा नवीन साहेब आले. त्यांनी सुट्टीच्या दिवशी खण वर्णक्रमानं लावून घेतले. दिसायला काय सुंदर! आणि मग कुणाचं लग्नाचं पत्र कुठल्या गावी, कुणाची नेमणूक कुठल्या गावी. आमचे हात जुन्याच खणांत टाकत होते. मला नीटनेटकं नको गं. मला तेच ते हवं."

"मेलं, आधी बोलायचं नाही का?" बाई ओरडल्या. डोळ्यांतून पाणी गळतच होतं.

"इतक्या हौसेनं केलं होतंस. कसं बोलू?"

बाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पदर पुन्हा खोचला. आता पसारा परत मांडायचा होता. पण गंमत बघा, ज्या बाईनं तो जन्मभर घातला तिला तो आठवेचना! मशीन नेमकं कुठं होतं? ढीग केवढा होता? शेवटी काका खुर्चीत बसून सांगायला लागले, आणि बाई मांडायला लागल्या.

"मशीन आणखी अलीकडं. आणखी. पाय लावून बघू दे. हं, इथं. चहाचा डबा ओट्यावर, शेगडीच्या उजवीकडं. झाकण उलटं."

"उलटं का म्हणून?"

"तू कायम उलटंच ठेवतेस. मला वाटलं काहीतरी कारण असेल."

"इश्श! कारण कसलं? घाई!" बाई रडता रडता हसायला लागल्या. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला कुणी एवढं बारकाईनं वाचलंय, हे त्यांना आज कळत होतं, आणि लाज आणि आनंद दोन्ही एकदम वाटत होतं.

खुंटी परत दारामागे ठोकली. तेलाच्या बाटलीला जाड चिंधी गुंडाळून घट्ट शिवून टाकली, म्हणजे हाताला लगेच कळावं. टाचण्यांना मात्र काकांचं पाठांतर चालणार नव्हतं, टाचणी कुठं पडेल ते देवालाही सांगता येत नाही. तेव्हा बाईंनी एकच नवी सवय लावायची ठरवली. टेप गळ्यात असतोच, त्यालाच एक चपटी डबी अडकवली. टाचणी कापडातून निघाली की डबीत. बाकी सगळं जुनं.

लेक तिकिटं घेऊन आली आणि किंचाळलीच. "आई, तुला वेड लागलंय का? पुन्हा?"

"ए, ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "सोमवारपर्यंत बघ. आणि कशाला हात लावायचा नाही. चप्पलसुद्धा मी सांगेन तिथंच काढायची. इथं तुझी हुशारी चालायची नाही."

लेक बघत राहिली. बाप उठला, ढिगाला वळसा घातला, ओट्यापाशी गेला, हात सरळ डब्यावर. चहा केला, एक कप मशीनपाशी ठेवला, थेंबही न सांडता. रविवारी तिनं प्रेमानं त्यांच्यासाठी खुर्ची जरा पुढं ओढून ठेवली आणि काका त्या खुर्चीवर धडपडले. "बघितलंस?" बाईंनी डोळे वटारले. लेकीनं खुर्ची परत मागे सरकवली, आणि तिचे चारही पाय फरशीवरच्या जुन्या खुणांवर आलेत का ते वाकून बघितलं. त्यानंतर तिनं कशाला हात लावला नाही. सरकवलेला कपसुद्धा आठवून जागेवर ठेवायला लागली. बाई टाचण्या डबीत टाकत होत्या, मधेच विसरत होत्या, स्वतःलाच शिव्या घालून वेचत होत्या.

सोमवारी सकाळी खोलीत लख्ख ऊन आलं होतं. काका आपल्या खुर्चीत बसले होते, समोर मशीन. लेक त्यांच्या शेजारी पलंगावर बसली होती, बॅग भरून. बाई तिच्यासाठी डबा भरायला अनवाणी आत गेल्या होत्या.

"बाबा, तुमची दोघांची तिकिटं मी रद्द करते," लेक म्हणाली. "राहा इथं. पण माझी एक अट आहे. थोडं तरी दिसतंय तोवरच. ज्या दिवशी काहीच दिसेनासं होईल, त्या दिवशी मला सांगायचं. मग हट्ट नाही. तेव्हा मला धीर धरवणार नाही, बाबा."

"कबूल," काका म्हणाले.

"खरं सांगा, आत्ता दिसतंय ना?"

"दिसतंय म्हणजे काय!" काकांनी हसून मशीनकडं हात केला. "ही काय, तुझी आई समोर बसलीय. मान खाली घालून. आपलं बोलणं ऐकतेय आणि शिवल्याचं सोंग करतेय. ह्या वेळेला ती कुठं असणार दुसरीकडं?"

डबा हातात घेऊन बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

लेकीनं मशीनकडं बघितलं. खुर्ची रिकामी होती. मग तिनं दाराकडं बघितलं. मायलेकींची नजरानजर झाली, आणि शुक्रवारी डॉक्टर काय म्हणाले असतील ते दोघींनाही एकदमच कळलं. लेक काहीतरी बोलणार होती. बाईंनी तिच्याकडं बघून नुसती मान हलवली. नको, म्हणून. आयुष्यात पोरीपुढं त्यांनी कधी अशी विनवणी केली नव्हती.

मग पावलांचा आवाज न करता, ढिगाला वळसा घालून, बाई मशीनपाशी आल्या आणि खुर्चीत बसल्या. डबा मांडीवर ठेवला. हाताला आली ती चिंधी सुईखाली सरकवली आणि चाक फिरवलं.

"बाप-लेकीची बडबड संपत नाही का?" त्या खेकसल्या. आवाज फाटला होता, पण मशीनच्या खडखडीत तो लपला. "गाडी चुकेल तिची!"

"बघ," काका लेकीला म्हणाले. "आहे ना समोर?"

लेकीनं हाताच्या पालथ्यानं डोळे पुसले आणि बॅग उचलली.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "दिसतंय तुम्हाला."